वॉकी-टॉकीची तार घेताना

मळ्यातला माणूस आणि वस्तीवरचा माणूस यांच्यात पुष्कळदा एखादी टेकडी आडवी असते, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. रात्री वीज येते, दारं धरायला जावे लागते, शिवारात बिबट्याची धास्ती असते. अशा वेळी हातातला वॉकी-टॉकी सेट मोठा आधार वाटतो. म्हणून हल्ली पुष्कळ घरांत सेटची जोडी येते आणि तिच्यामागोमाग संगणकाला जोडायची तारही येते. या तारेने सेटमध्ये चॅनेल भरता येतात. तार दिसते साधी, पण तिच्यात पैसेही बुडतात आणि कायद्याचा त्रासही ओढवतो. म्हणून चार गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

आधी परवाना पाहा

446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या अर्ध्या वॅटच्या सेटना 2018 च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. त्यांचे चॅनेल बहुधा कारखान्यातच भरलेले असतात. घरच्या शेतीला असा सेट पुरत असेल, तर तारेची गरजच नाही.

चार-पाच वॅटचे, हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे सेट मात्र परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. बाजारात मिळतात म्हणजे चालतात, असे समजू नये. अशा बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने 2025 मध्ये ऑनलाइन दुकानांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पोलीस, वनखाते यांची बोलणी याच लहरींच्या शेजारी चालतात. चुकीचा आकडा भरला, तर संकटातल्या माणसाचा निरोप आपल्यामुळे अडेल.

घरातल्या मुलाला किंवा मुलीला याची आवड असेल, तर हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. वयाची बारा वर्षे पुरी झाली की ती देता येते. मात्र हॅमच्या लहरींवर धंद्याची बोलणी करता येत नाहीत.

तार कशी निवडावी

ही नुसती तार नव्हे. तिच्या यूएसबीच्या टोकात एक बारीक चिप असते. संगणकाची भाषा सेटला कळेल अशी करून देणे, हे तिचे काम. स्वस्त तारांत पुष्कळदा प्रोलिफिक कंपनीच्या चिपची नक्कल घातलेली असते. विंडोजचा नवा ड्रायव्हर ती ओळखतो आणि काम नाकारतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसते, आणि माणूस सेटच बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. त्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन एफटीडीआय चिपची अस्सल तार घ्यावी.

दुसरे टोक सेटला बसले पाहिजे. बाओफेंगसारख्या बऱ्याच सेटना केनवुड पद्धतीची दोन पिनांची तार लागते. एक पिन 3.5 मिलिमीटरची, दुसरी 2.5 ची. मोटोरोला, आयकॉम यांच्या पुष्कळ सेटना निराळी तार लागते. दुकानात जाताना सेट बरोबर न्यावा.

वापरताना

बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. सेट बंद ठेवून तार जोडावी, मग चालू करावा. पिना अगदी आतपर्यंत दाबाव्यात. ‘सेट उत्तर देत नाही’ असे संगणक म्हणाला, तर दहापैकी बहुतेक वेळा पिना अर्धवट बसलेल्या असतात किंवा संगणकात पोर्टचा क्रमांक चुकीचा निवडलेला असतो.

चर्प हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि पुष्कळ सेटना चालतो. त्यात आपल्या सेटचे नेमके मॉडेल निवडावे. सर्वांत आधी सेटमधली माहिती संगणकात उतरवून घ्यावी आणि तिची एक प्रत जपून ठेवावी. पेरणीआधी बियाणे राखून ठेवावे, तसेच हे. बदल दुसऱ्या प्रतीत करावा आणि मगच तो सेटमध्ये भरावा. एका मॉडेलची फाइल दुसऱ्यात घालू नये. भरणे चालू असताना तार हलवू नये, सेट बंद करू नये.

शेवटी दोन्ही सेट घेऊन एकाने बांधावर आणि एकाने वस्तीवर उभे राहून बोलून पाहावे. उंच उसातून, टेकडीआडून आवाज कुठवर पोचतो, हे दिवसाउजेडीच कळलेले बरे. रात्री गरज पडेल तेव्हा ते शोधत बसायला वेळ नसतो.