शिकवणाऱ्याला विचारता येतं ना?

साताऱ्याहून सांगलीला जाताना वाटेत कराड लागतं. तिथली छोटीशी धावपट्टी १९५५ साली कोयना धरणाच्या कामाच्या सोयीसाठी बांधली गेली. पुढे तिथे विमान चालवायचं शिक्षणही दिलं गेलं. आता आपल्याकडच्या मुलीही ‘वैमानिक व्हायचंय’ म्हणतात. मग आपण चौकशी करतो: फी किती, राहायची सोय कशी, नोकरी लागेल का? मैत्रिणींनो, यात आणखी एक प्रश्न घालायला हवा. शिकवणाऱ्याला शंका विचारायला मुलगी बिचकणार तर नाही ना?

शिकाऊ विमानात गुरू-शिष्य शेजारीशेजारी बसतात. विमान वळवायची साधनं दोघांच्याही समोर असतात. विमान कोणाच्या हाती आहे याचा घोटाळा होऊ नये, म्हणून ताबा देता-घेताना तसं स्पष्ट बोलून दाखवायचं, असा शिरस्ता आहे. पण शिक्षक सारखा खेकसणारा असेल, तर ‘सर, मला हे कळलं नाही’ असं कोण म्हणेल? मुलगी नुसती मान डोलावणार. आणि एक दिवस तिला एकटीनं विमान न्यायचं असतं, बरं का! तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते.

हा धाक किती महाग पडतो, ते २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दिसलं. दाट धुक्यात दोन जंबो जेट विमानं एकाच धावपट्टीवर होती. केएलएम कंपनीच्या विमानाचे कप्तान याकोब व्हान झांटेन म्हणजे त्या कंपनीतले नामांकित प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो! शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानावरची परीक्षाही त्यांनीच घेतलेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतानाच त्यांनी विमान सोडलं. दुसरं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना, अशी शंका मागे बसलेल्या इंजिनिअरनं काढलीही. कप्तानांनी ती ठामपणे झटकली. पुन्हा कोणी बोललं नाही. ५८३ माणसं गेली.

कारणं इतरही होती. धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते. पण मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा टोकायचं धैर्य झालं नाही, हे जगाला चटका लावून गेलं. १९७९ साली नासानं या विषयावर बैठक भरवली, आणि कनिष्ठानं बोलावं, वरिष्ठानं ऐकावं, हेही वैमानिकांना शिकवायला सुरुवात झाली.

नम्र म्हणजे मिळमिळीत नव्हे हं! धोका दिसताच चांगला प्रशिक्षक क्षणात ताबा घेतो. पण खाली उतरल्यावर काय चुकलं ते शांतपणे समजावतो, आणि ‘इथं माझंही चुकलं’ म्हणायला कचरत नाही. वर्गात शिकवताना मलाही हेच दिसतं: ज्या बाईंना मुलं घाबरतात, त्यांच्या तासाला शंका नसतात. म्हणजे सगळ्यांना समजलेलं असतं असं थोडंच आहे?

तेव्हा चौकशीला जाल, तेव्हा कचेरीतल्या चकचकीत माहितीपत्रकावर विसंबू नका. तिथं शिकणाऱ्या मुलांना गाठा. ‘चुकलं की सर काय करतात? तेच पुन्हा विचारलं तर?’ एवढंच विचारा. मुलगी स्कूटर शिकणार असो की विमान, हा प्रश्न दोन्हीकडे उपयोगी पडेल. आणि उत्तर देताना ती मुलं एकमेकांकडे बघू लागली, तर फी भरायची घाई करू नका.