हलते ते सारेच जनावर नव्हे

प्रवरेच्या पाण्यावर आपल्या बेलापूर परिसरात ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला. याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या शेतशिवारात, विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट लोकवस्तीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे त्यांत दिसून आले. तेव्हा रात्री गोठ्यापाशी काय हलते, हा प्रश्न आपल्याकडे केवळ कुतूहलाचा नाही.

आमच्या वस्तीवर एका शेतकऱ्याने गोठ्यावर कॅमेरा बसविला. काही हलले की मोबाईल वाजे. पहिल्या आठवड्यात तो रात्रभर वाजला, तो उसाच्या पाचटामुळे! कंटाळून त्यांनी सूचना बंद केली. पुढे एका रात्री शेळी गेली. बिबट्या चित्रणात स्पष्ट होता. पण तो सकाळी पाहिला.

असे का व्हावे? त्यासाठी चित्रण कसे साठवितात, हे पाहू. एका चित्रात सुमारे वीस लाख ठिपके असतात. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे धरली, तर साडेपंधरा कोटी बाइट होतात. एवढे साठविणे परवडत नाही. वाणी वहीत वरचाच मजकूर पुन्हा आला की खाली दोन रेघा ओढतो. तीच युक्ती येथे आहे. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितात. मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदवितात. २००३ साली आलेल्या एच. २६४ या मानकात चित्राचे सोळा ठिपके लांब, सोळा ठिपके रुंद असे चौकोन पाडतात. गरजेप्रमाणे ते लहानही करतात. 'हा चौकोन मागच्या चित्रातून इतका उजवीकडे, इतका खाली सरकला' अशी नोंद होते. तिला गतिसदिश म्हणतात.

म्हणजे काय हलले याचा शोध साठवितानाच होऊन गेलेला असतो! सारे चित्र उलगडून ठिपक्याशी ठिपका ताडण्याऐवजी या आठेक हजार चौकोनांच्या नोंदी वाचल्या, तर काम फार हलके होते. शेजारशेजारचे चौकोन एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकत असतील, तर ती एक वस्तू मानावयाची. तिची कड मात्र ओबडधोबड मिळते. ती नेमकी हवी असल्यास चित्र उलगडावेच लागते.

परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. ही नोंद जागा वाचविण्यासाठी केलेली असते, सत्य सांगण्यासाठी नव्हे. कोऱ्या भिंतीचा एक चौकोन दुसऱ्यासारखाच दिसतो. मग यंत्र कोठलाही जवळचा चौकोन दाखवून मोकळे होते. अंधारात चित्रावर मुरमुर येते, तिलाही गती चिकटते. म्हणून एकट्या नोंदीवर विश्वास न ठेवता पुष्कळ चित्रांतील नोंदींची बेरीज पाहतात. पाचट वाऱ्याने इकडे जाते, तिकडे येते. बेरीज शून्याच्या आसपास राहते. जनावर चालत गेले, तर बेरीज वाढत जाते. गोठ्यावरच्या त्या कॅमेऱ्याच्या सूचनेत एवढा विवेक नव्हता.

तरीही एक अडचण उरतेच. बिबट्या दबा धरून बसला, की त्याची गती शून्य होते आणि हिशेबातून तो नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणजे स्मरण: येथवर आलेली वस्तू बाहेर गेलेली दिसली नाही, तर ती येथेच आहे असे धरावयाचे.

वारंवार खोटी हाक देणाऱ्या राखणदाराचे पुढे कोणी ऐकत नाही. म्हणून कॅमेरा घेणाऱ्याने तो हलणारे सारे दाखवितो, की त्यातून चालते जनावर वेगळे काढतो, हे आधी विचारावे. आमच्या वस्तीवर हे कोणी विचारले नव्हते.