लिनक्सच्या पडद्यावरील हरवलेली चिन्हे

नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील पेठ हा डोंगराळ, आदिवासीबहुल तालुका. अशा भागातील शाळेला अथवा ग्रामपंचायतीला जुना संगणक टाकून नवा घेणे सहज परवडत नाही. त्यातच 'विंडोज १०' या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि 'विंडोज ११' अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. तेव्हा विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मात्र या मार्गावर एक अडचण भेटते. ती दिसायला क्षुल्लक, परंतु कामात खोळंबा करणारी आहे.

पडद्याच्या कडेला, घड्याळाशेजारी लहान चिन्हे असतात. यूपीएसची बॅटरी किती उरली, कळफलक मराठीचा आहे की इंग्रजीचा, दप्तराची दुसरी प्रत साठविली गेली की नाही, हे त्यांवरून कळते. जुन्या आज्ञावलींची ही चिन्हे काही नव्या लिनक्स पडद्यांवर दिसतच नाहीत. पुष्कळ आज्ञावली खिडकी मिटल्यावरही चिन्हाआड चालू असतात. चिन्ह नसले की काम संपले, असे समजून कर्मचारी यंत्र बंद करतो आणि पाणीपट्टीच्या नोंदींची प्रत अर्धवट राहते.

याचे कारण रीत बदलण्यात आहे. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'एक्स' ही चित्रप्रणाली जन्मली. तिच्यावर आधारलेल्या 'एक्सएम्बेड' पद्धतीत आज्ञावली स्वतःची चिमुकली खिडकी पट्टीत आणून बसवी. आठवडी बाजारात विक्रेत्याने आपले पाल आपणच ठोकावे, तसे. नव्या पद्धतीत आज्ञावली केवळ निरोप धाडते: माझे नाव हे, चित्र हे, पर्याय हे. पाटी रंगविण्याचे काम पट्टीचे. 'वेलँड' या नव्या चित्रप्रणालीत सुरक्षिततेसाठी आज्ञावलींना एकमेकींपासून अलग ठेवले जाते, म्हणून जुनी रीत तेथे बसत नाही. 'ग्नोम' या पडद्याने तर सप्टेंबर २०१७ च्या ३.२६ आवृत्तीत जुन्या चिन्हांची जागाच काढून टाकली. पर्याय हाताशी येण्यापूर्वीच जुनी सोय काढण्याची ही घाई वापरणाऱ्यांना जाचली, असेच म्हणावे लागते.

उपाय अवघड नाही. ग्नोमवर 'ॲपइंडिकेटर' ही पूरक आज्ञावली बसवावी, संगणकातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. उबुंटूमध्ये ती १७.१० आवृत्तीपासून सोबतच येते. डेबियनमध्ये ती वेगळी बसवावी लागते. 'केडीई प्लाझ्मा' या पडद्यात डिसेंबर २०१५ च्या ५.५ आवृत्तीपासून एक दुभाषी आज्ञावली आहे. जुनी खिडकी ती आपल्याकडे घेते व तिचे नव्या भाषेत रूपांतर करून पट्टीला देते. अशा चिन्हांचा आकार कधी बारीक दिसतो, कधी मागे काळा चौकोन उमटतो. कामाला त्याने बाध येत नाही.

यंत्र फारच जुने असेल, तर 'एक्सएफसीई' हा हलका पडदा निवडावा. 'एक्स' प्रणालीवर त्याची पट्टी जुनी चिन्हे आजही थेट स्वीकारते. ग्नोममध्ये मात्र नुसते 'एक्स' निवडून भागत नाही, कारण तेथे चिन्हांना जागा देणारी पट्टीच उरलेली नाही.