तंत्रज्ञान आणि आर्थिक विषमता : दरी की सेतू?

तंत्रज्ञानाची प्रगती गरीब-श्रीमंतांतील दरी रुंदावते की बुजवते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येत नाही. भारतीय बँकिंगचा गेल्या काही दशकांतील प्रवास मात्र त्यावर पुरेसा प्रकाश टाकतो.

१९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम सुरू झाले. पुढे इंटरनेट बँकिंग आले. ज्यांच्याजवळ खाते, संगणक आणि इंग्रजीचे ज्ञान होते, त्यांनाच या सोयींचा लाभ प्रथम मिळाला. शहरी खातेदाराचे काम मिनिटांत होऊ लागले. दूरच्या खेड्यातील मजुराला मात्र शाखा गाठण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागे. साधन महाग व अवघड असले की ते संपन्नांचाच वेळ आणि पैसा वाचवते. विषमता वाढते ती अशी.

हे चित्र पालटण्यास यंत्राइतकेच धोरणही कारणीभूत ठरले. जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आणि बँक गावाच्या उंबरठ्यावर पोहोचली. ऑगस्ट २०१४ मध्ये किमान शिलकीची अट नसलेली जनधन खाती उघडण्यास प्रारंभ झाला. ऑगस्ट २०२३ पर्यंत त्यांची संख्या ५० कोटींवर गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक खाती महिलांची होती. आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर पैसे मिळू लागले. एकेकाळी निरक्षरतेची निशाणी मानला गेलेला अंगठाच खात्याची किल्ली झाला. २०१६ मध्ये यूपीआय आले, तर मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी इंटरनेटविना चालणारी ‘यूपीआय १२३ पे’ सेवा सुरू झाली.

तरीही प्रश्न संपलेला नाही. वीटभट्टीवर वा बांधकामावर राबणाऱ्या हातांच्या रेषा श्रमाने झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. ओटीपी विचारणाऱ्या भामट्याकडून फसवणूक झाली, तर सधन खातेदाराची काही शिल्लक जाते. गरिबाचे महिन्याचे धान्य जाते.

म्हणूनच यंत्र ‘नाही’ म्हणते तेथे माणसाचे काम सुरू होते. ठसा न जुळलेल्या खातेदाराची पासबुक व छायाचित्रावरून ओळख पटवून शाखेत रक्कम देणे, ओटीपी कोणालाही सांगू नये हे त्याच्या भाषेत समजावणे, ही कामे छोटी वाटतात. परंतु तंत्रज्ञान दरी ठरणार की सेतू, याचा निर्णय बहुधा काउंटरवरच होतो.