सप्तपदीनंतरचीं पावलें : परदेशी जोडीदार आणि विलायतचा प्रवेशपरवाना



लग्न ठरलें कीं घरांतील वडील मंडळींनीं मुहूर्त पाहावा, याद्या कराव्या, मांडव घालावा, अशी आपली जुनी रीत आहे. अलीकडे शहरांतील कित्येक घरांत या कामांत आणखी एका बाबीची भर पडली आहे. ती बाब म्हणजे व्हिसा, अर्थात् प्रवेशपरवाना. घरांतील एखादें मूल परदेशी नागरिकाशीं विवाह करतें, दोघांचा संसार त्या जोडीदाराच्या देशांत थाटावयाचा ठरतो, आणि मग ध्यानांत येतें कीं, विवाह करण्याचा हक्क निराळा व त्या विवाहाच्या आधारावर परदेशांत राहण्याचा हक्क निराळा. पहिल्यास वधूवरांची संमति पुरते. दुसऱ्यास परक्या सरकारची संमति लागते. या दोहोंमधील अंतर कसें ओलांडावयाचें, हें आज मी विलायतचें उदाहरण घेऊन सांगणार आहें.

मी कांहीं वकील नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकींत जन्म घालविलेला मी एक गृहस्थ. परंतु हा धडा मला माझ्याच चुकीमुळें शिकावा लागला. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पुतणीचें लग्न झालें. नवरदेव इंग्रज, धर्मानें ख्रिस्ती, नोकरीनिमित्त पुण्यास दोन वर्षें राहिलेले. थोरले बंधु हयात नसल्यानें कार्याचा भार मजवर होता. दोघांचें म्हणणें, आधीं कायदेशीर नोंदणी करावी. मीं तें मानलें नाहीं. "नोंदणीचें मागाहून पाहूं. अग्नीच्या साक्षीनें सप्तपदी झाल्यावर आणखी पुरावा तो काय हवा?" असें मीं ठासून सांगितलें. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकें झालीं, जेवणावळी उठल्या. आणि आठव्या दिवशीं जांवई आपल्या नोकरीवर इंग्लंडास परत गेले.

पंधरा दिवसांनीं पुतणी कागदांची चळत घेऊन माझ्यापुढें बसली व म्हणाली, "काका, लग्न लागलं खरं, पण कायद्याच्या दृष्टीनं आम्ही दोघं अजून अविवाहितच आहोंत!"

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. १९५५ चा हिंदु विवाह कायदा उभयतां हिंदु असतील तरच लागू पडतो. हिंदु व ख्रिस्ती यांचा विवाह त्या कायद्याखालीं ग्राह्य होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालींहि स्पष्ट केलें आहे. अशा जोडप्यास आपल्या देशांत मार्ग आहे तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यांत विवाहाधिकाऱ्याकडे दोघांनीं सूचना द्यावी लागते. सूचनेपूर्वीं दोघांपैकीं एकानें तरी त्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस राहिलेलें असावें लागतें. सूचना प्रसिद्ध झाल्यावर आणखी तीस दिवस हरकतींची वाट पाहिली जाते, आणि मग तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होऊन दाखला मिळतो. आमच्या जांवयांस पुनः रजा काढून, पुनः विमानाचें भाडें भरून पुण्यास यावें लागलें. माझ्या हट्टापायीं त्या दोघांचे चार महिने वायां गेले. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, धार्मिक विधि हवा तर अवश्य करावा; परंतु ज्या दाखल्यावर पुढील सारी इमारत उभी राहावयाची, तो आधीं हातीं घ्यावा.

आतां विलायतचें सरकार काय पाहतें तें सांगतों. अर्ज, उपअर्ज आणि पुरवण्या पुष्कळ असल्या, तरी त्यांच्या मुळाशीं तीनच प्रश्न आहेत. हा विवाह खरा आहे काय? हें कुटुंब सरकारी मदतीवांचून चालेल काय? आणि येणाऱ्या माणसास तेथील भाषा कळते काय?

पहिला प्रश्न विवाहाच्या खरेपणाचा. दोघेंहि अठरा वर्षांवरील असावीं, प्रत्यक्ष भेटलेलीं असावीं, विवाह कायदेशीर असावा, पूर्वीचा विवाह झाला असल्यास तो रीतसर संपलेला असावा, आणि पुढें एकत्र राहण्याचा उभयतांचा हेतु असावा. पुरावा म्हणून एकमेकांस पाठविलेले निरोप, प्रवासाचीं तिकिटें, एकत्र राहिलेल्या घराचा भाडेकरार, दोन्ही घरच्या माणसांसमवेत काढलेलीं छायाचित्रें असे कागद जोडतात. येथें ढीग घालण्यापेक्षां क्रम राखणें महत्त्वाचें. ओळख केव्हां झाली, भेटी केव्हां झाल्या, विवाह केव्हां झाला, हें तारीखवार मांडलें म्हणजे वाचणाऱ्यास शंकेला जागा उरत नाहीं.

या प्रश्नाचा इतिहास मात्र सुखावह नाहीं. १९७९ च्या जानेवारींत एक भारतीय शिक्षिका आपल्या नियोजित वराशीं विवाह करण्यासाठीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. त्या काळीं वाग्दत्त वधूस आगाऊ परवान्यावांचून येतां येई. विवाहित पत्नीस मात्र परवाना लागे. ही बाई आधींच विवाहित असेल अशा संशयावरून तिची कौमार्यपरीक्षा करण्यांत आली. वृत्तपत्रांनीं ही गोष्ट उजेडांत आणतांच दोन्ही देशांत संताप उसळला व ती अमानुष प्रथा बंद झाली. पुढें १९८० नंतरच्या काळांत, आपल्या विवाहाचा मुख्य हेतु विलायतेंत शिरण्याचा नाहीं, हें अर्जदारानेंच सिद्ध करावें, असा नियम होता. नसलेला हेतु सिद्ध करणें किती कठीण, हें निराळें सांगावयास नको. त्या नियमापायीं अनेक पतिपत्नी वर्षानुवर्षें ताटातुटींत राहिलीं. अखेर १९९७ सालीं तो रद्द झाला. तेव्हां आज विचारले जाणारे प्रश्न कोणास जाचक वाटले, तरी ते पूर्वींपेक्षां सौम्य आहेत.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि बहुतेक अर्ज अडतात ते येथेंच. जुलै २०१२ मध्यें असा नियम झाला कीं, तेथील जोडीदाराचें वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असावें. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठीं हा आकडा २९,००० पौंडांवर नेण्यांत आला. यांतील मेख नीट लक्षांत घ्यावी. पहिल्या अर्जाच्या वेळीं भारतांत राहणाऱ्या जोडीदाराचा पगार कितीहि मोठा असो, तो हिशेबांत धरला जात नाहीं. उत्पन्न पाहिलें जातें तें तेथील जोडीदाराचें. तो सहा महिन्यांहून अधिक काळ एकाच मालकाकडे नोकरीस असेल, तर सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, त्याच महिन्यांचे बँकेचे उतारे आणि मालकाचें पत्र लागतें. पगारचिठ्ठीवरील आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा यांचा मेळ बसला पाहिजे; एका महिन्याचा कागद गळला तरी सारें अडूं शकतें.

तो जोडीदारहि सध्यां आपल्याच देशांत राहत असेल व दोघांनीं बरोबरच निघावयाचें असेल, तर प्रश्न अधिक बिकट होतो. त्यानें येथें निदान सहा महिने एकाच मालकाकडे तेवढ्या पगारावर नोकरी केलेली असावी किंवा गेल्या बारा महिन्यांत तेवढें उत्पन्न मिळविलेलें असावें, शिवाय परतल्यापासून तीन महिन्यांच्या आंत सुरू होणारी, तेवढ्याच पगाराची नोकरी तेथें निश्चित झालेली असावी. म्हणून पुष्कळदां एकानें पुढें जाऊन सहा महिने नोकरी करावी आणि दुसऱ्यानें मागाहून अर्ज करावा, असें करणें भाग पडतें.

उत्पन्न कमी पडल्यास शिल्लक रकमेचा आधार घेतां येतो. त्याचें गणित शाळेंतल्या गणितासारखेंच आहे. पहिले १६,००० पौंड हिशेबांत धरावयाचे नाहींत. त्यावरील रक्कम उत्पन्नांतील तुटीच्या अडीचपट असावी. समजा, पगार २५,००० पौंड आहे. तूट ४,०००, तिची अडीचपट १०,०००, त्यांत १६,००० मिळवून २६,००० पौंड शिल्लक दाखवावी लागेल. उत्पन्न मुळींच नसेल, तर हीच रक्कम ८८,५०० पौंड होते. ही शिल्लक दोघांपैकीं कोणाचीहि चालते. आईबापांनीं बक्षीस दिलेली असली तरी चालते. मात्र ती उसनी नसावी आणि अर्जापूर्वीं निदान सहा महिने त्यांच्या ताब्यांत असावी. आदल्या आठवड्यांत खात्यावर भरलेली रक्कम उपयोगीं पडत नाहीं.

गरिबानें आपल्या जोडीदारासह राहूंच नये काय, असा प्रश्न येथें सहजच मनांत येतो. तोच प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. २०१७ सालीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, उत्पन्नाची अट अनेकांस जाचक असली तरी तत्त्वतः बेकायदा नाहीं. परंतु मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा केलेला नाहीं. त्यानंतर नियमांत कांहीं दुरुस्ती झाली. तरीहि या आकड्यापायीं आज कित्येक मुलें आईबापांपैकीं एकाचें तोंड पडद्यावरच पाहतात, हें विसरतां येत नाहीं.

तिसरा प्रश्न भाषेचा. प्रवेशासाठीं इंग्रजी बोलण्याऐकण्याची अगदीं प्राथमिक परीक्षा असते. इंग्रजी माध्यमांतून पदवी घेतल्याचें रीतसर प्रमाणित झालें, तर ती माफ होते. पुढील प्रत्येक टप्प्यास भाषेची पायरी थोडी चढत जाते. याखेरीज आपल्या देशांतून जाणारास मान्यताप्राप्त केंद्रांत क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि अर्जाच्या शुल्काबरोबर तेथील आरोग्यसेवेचा आकार आगाऊ भरावा लागतो. हा आकार फेब्रुवारी २०२४ मध्यें प्रौढ माणसास दरसाल १,०३५ पौंड करण्यांत आला. म्हणजे विमानाच्या तिकिटापूर्वींच कांहीं लाख रुपयांची तरतूद ठेवावयास हवी.

परवाना मिळाला म्हणजे प्रवास संपला असें नाहीं. प्रथम दोन वर्षें नऊ महिन्यांची मुदत मिळते. ती संपण्यापूर्वीं पुनः अर्ज करून आणखी अडीच वर्षें मिळवावीं लागतात. अशीं पांच वर्षें पूर्ण झालीं म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करतां येतो. त्या वेळीं तेथील जीवनाविषयींची एक परीक्षाहि द्यावी लागते. या काळांत नोकरी करण्यास मुभा असते, परंतु सरकारी मदतीवर हक्क नसतो. पुढें कोणी तेथील नागरिकत्व घेतलें, तर आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें त्याचें भारतीय नागरिकत्व आपोआप संपतें. मग भारतीय पारपत्र परत करावें लागतें, आणि मायदेशीं येण्याजाण्यासाठीं परदेशस्थ भारतीयांसाठीं असलेलें निराळें कार्ड काढतां येतें. हा निर्णय घाईनें करण्याजोगा नव्हे.

दोन आडवाटांविषयीं सावध करणें अवश्य आहे. एक म्हणजे पाहुणा म्हणून जावें आणि मग तेथेंच राहण्याचा अर्ज करावा. पाहुण्याच्या परवान्यावरून जोडीदाराच्या परवान्यावर तेथल्या तेथें सामान्यतः जातां येत नाहीं. आणि खोटा हेतु सांगितल्याचें ठरलें, तर दहा वर्षें दारें बंद होऊं शकतात. दुसरी आडवाट जुन्या सल्ल्याची. सुरिंदर सिंग नांवाच्या भारतीय गृहस्थांनीं आपल्या ब्रिटिश पत्नीसह जर्मनींत नोकरी केली व मग दोघें विलायतेस परतलीं. त्यांच्या प्रकरणांत युरोपीय न्यायालयानें १९९२ सालीं दिलेल्या निर्णयामुळें, युरोपांतील दुसऱ्या देशांत राहून परतणाऱ्या दांपत्यांस सवलत मिळे. विलायत युरोपीय संघांतून बाहेर पडल्यानंतर नव्या दांपत्यांस तो मार्ग उरलेला नाहीं. कोणी स्नेही आजहि तो सुचवील, तर त्याचे आभार मानावे, पण त्या वाटेनें जाऊं नये.

आतां एक गोष्ट विशेषतः मुलींच्या आईबापांसाठीं. या परवान्यांत एकाचें परदेशांतील वास्तव्य दुसऱ्याच्या नात्यावर अवलंबून असतें. नातें चांगलें असेल तोंवर ही गोष्ट जाणवतहि नाहीं. बिघडलें तर तीच बेडी होऊं शकते. "मी तुला परत पाठवीन," ही धमकी ऐकून मुकाट्यानें मार खाणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांनीं हें जाणावें कीं, घरांतील छळामुळें संसार मोडला, तर पीडित जोडीदारास स्वतःच्या नांवानें कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची तरतूद विलायतच्या नियमांतच आहे. म्हणून मुलीस निरोप देतांना सांगावें : आपलें पारपत्र आपल्याजवळ ठेव, आपल्या नांवाचें बँकखातें उघड, आणि सर्व कागदांची एक प्रत माहेरीं असूं दे. हा जांवयावर अविश्वास नव्हे. सुज्ञ जांवई यास आनंदानें रुकार देतो.

आमच्या जांवयांनीं तो दिला. नोंदणी झाली, कागद जुळले, आणि वर्ष भरण्याच्या आंत पुतणीस परवाना मिळाला. विमानतळावर तिनें मला वांकून नमस्कार केला. "काका, सप्तपदी तुम्ही करविलीत, पुढचीं पावलं आम्ही टाकतों," असें म्हणून ती हसली. तिच्या हातांतील पिशवींत तिच्या आईनें दिलेला देवीचा टांक होता, आणि त्याच्याच खालीं विवाहाचा तो दाखला होता. आज तीं दोघें इंग्लंडांत सुखानें नांदत आहेत, आणि मुदतवाढीच्या तारखेची आठवण तिची आई येथील भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लाल शाईनें करून ठेवते.

नियम बदलतात, आकडे तर वरचेवर बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीं विलायत सरकारनें प्रसिद्ध केलेले नियम स्वतः वाचावे, आणि प्रकरण गुंतागुंतीचें असेल तर तेथें नोंदलेल्या कायदेपंडिताचा सल्ला घ्यावा. आपल्या घरांतील कोणावर ही वेळ आली, तर वडील मंडळींनीं माझ्यासारखा हट्ट न धरतां मुलांबरोबर बसून कागद लावावे, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.