बीके विषाणू : किडनी प्रत्यारोपणानंतरचा एक अवघड पेच

किडनी प्रत्यारोपण झालेला एक रुग्ण तपासणीला आलाय, असं समजा. ताप नाही, लघवी नीट होते, तक्रार काहीच नाही. पण मागच्या महिन्यात 1.2 असलेलं क्रिएटिनिन आता 1.9 झालंय. डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो 'रिजेक्शन', म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय. त्यावरचा उपाय असा की स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची, प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. अनेकदा ते बरोबरही असतं. पण काही वेळा नेमकं हेच केल्यामुळे किडनी हातची जाते. का जाते, हे समजायला 1971 सालच्या लंडनमध्ये जावं लागेल.

तिथे सुदानहून आलेल्या एका रुग्णाला किडनी बसवली होती. पुढे त्याच्या मूत्रवाहिनीत अडथळा आला. त्याच्या लघवीतल्या पेशी विचित्र दिसत होत्या, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यात विषाणूचे कण सापडले. सिल्व्हिया गार्डनर या विषाणुतज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू वेगळा केला आणि 'लॅन्सेट'मध्ये त्याची माहिती दिली. नाव ठेवलं रुग्णाच्या आद्याक्षरांवरून, बीके. (आज असं नाव ठेवायला कोणी धजणार नाही.) गंमत म्हणजे त्याच अंकात त्याचा भाऊबंद असलेला जेसी विषाणूही पहिल्यांदा आला. त्याचंही नाव रुग्णाच्या आद्याक्षरांवरूनच!

पुढची वीसेक वर्षं बीकेकडे फारसं कोणी गंभीरपणे पाहिलं नाही. त्याला कारणही होतं. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि मग किडनीत, मूत्रमार्गात गुपचूप पडून राहतो. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगात तो असेल, आणि त्याने काहीही बिघडत नाही. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर नजर ठेवून असते.

1990च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही जोरदार औषधं आली. रिजेक्शन कमी झालं, पण पहारेकरीही पेंगला. 1995 साली पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी बायोप्सीतून प्रत्यारोपित किडनीतला बीकेचा संसर्ग दाखवून दिला, आणि मग अशा रुग्णांची नोंद वाढत गेली.

खरा पेच इथे आहे. बायोप्सीत रिजेक्शन असलं की पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते, आणि बीके असला तरीही तशीच गर्दी दिसते. उपाय मात्र अगदी उलटे. रिजेक्शनमध्ये औषधं वाढवायची, बीकेमध्ये कमी करायची. चुकून वाढवली तर विषाणूला मोकळं रान! सुरुवातीच्या काळात अशा कित्येक किडन्या गेल्या. आता पॅथॉलॉजिस्ट एसव्ही-40 नावाचं खास रंजन करून विषाणू ओळखतात, पण बायोप्सीचा तुकडा नेमका निरोगी भागातून आला तर तेही चुकू शकतं.

म्हणून रक्ताची तपासणी महत्त्वाची ठरली. 2002 साली बाझेलच्या हान्स हिर्श यांनी 78 रुग्णांवर पाळत ठेवून दाखवलं, की विषाणू आधी लघवीत दिसतो, मग रक्तात, आणि किडनीचं नुकसान त्यानंतर. म्हणजे आपल्याला थोडा वेळ मिळतो. 2005 साली अमेरिकेत सेंट लुईसला 200 रुग्णांमध्ये रक्तात विषाणू दिसताच औषधं उतरवली गेली, आणि वर्षभरात एकालाही बीकेमुळे किडनीचा आजार झाला नाही. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात उपयोगी अभ्यास हाच. यात नवं औषध काहीच नव्हतं. बीकेवर खात्रीचं औषध आजही नाही.

म्हणून पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि नंतर दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर तपासणी करावी, असं आताचा सल्ला सांगतो. आपल्याकडे अडतं ते खर्चाशी. 'सर, बरं वाटतंय, मग ही तपासणी कशाला?' असं रुग्ण विचारतात. बरं वाटत असतं म्हणूनच करायची, कारण या आजाराला सुरुवातीला लक्षणंच नसतात.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली : प्रतिकारशक्ती वाढवायला काढा दिला तर चालेल का? नको. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने असं काही स्वतःहून घेऊ नये, आणि विषाणू निघाला म्हणून गोळ्याही स्वतःहून कमी करू नयेत. ते डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बघून. त्या तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि डोस त्या खोट्या आकड्यावर ठरतो.