मातीचा स्पर्श आणि माणसाचे पाय

अनवाणी चालण्याने प्रकृती सुधारते काय, हा प्रश्न अलीकडे मोठ्या शहरांतून आमच्या श्रीगोंद्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. सकाळी दवावरून अनवाणी फिरणारी मंडळी आता गावातही दिसतात. कोणी म्हणतो, गुडघे दुखायचे थांबले. कोणी म्हणतो, झोप चांगली लागते. ज्यांना अंगण उरले नाही त्यांच्यासाठी तारेने जमिनीला जोडायच्या चटयाही बाजारात आल्या आहेत.

आम्हांला या प्रश्नाचे कुतूहल निराळ्या कारणाने आहे. आमच्या लहानपणी घरात पायात वहाण घालणारा एकच माणूस होता, आणि तोही बाजाराच्या दिवशीच. पुढे तीस वर्षे आम्ही ज्यांच्यात संघटनेचे काम केले ते ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे मजूर आणि हमाल. त्यांच्या पायांना मातीचा स्पर्श कधी कमी पडला नाही. माती जर नुसते औषधच असेल, तर ही माणसे तालुक्यात सर्वांत निरोगी असायला हवी होती. ती तशी का नाहीत, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून.

प्रथम मातीची बाजू ऐकू या. आपल्याकडे मातीवरचा विश्वास जुना आहे. तालमीतील हौदाची तांबडी माती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, आणि पैलवान ती अंगाला प्रसाद म्हणून लावतो. श्रीगोंद्याहून दौंडमार्गे पुण्याकडे निघाले की उरुळी कांचन लागते. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी तेथे राहिले, गावकऱ्यांवर त्यांनी निसर्गोपचार केले, आणि तेथील आश्रम पुढे मणिभाई देसाई यांनी जन्मभर चालवला. मातीच्या पट्टीवर गांधीजींचा विश्वास दक्षिण आफ्रिकेतच बसला होता. अॅडॉल्फ युस्ट या जर्मन लेखकाचे निसर्गाकडे परतण्याविषयीचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही मातीच्या उपचाराचा विचार आहे. परंतु गांधीजींचे नाव घेणारे एक गोष्ट विसरतात. वाटेल ती माती घ्या, असे ते म्हणत नाहीत. खत घातलेल्या जमिनीची माती घेऊ नये, ती बारीक चाळावी, आणि स्वच्छतेची शंका असल्यास चांगली तापवून घ्यावी, असे ते बजावतात. माती अंगाला लावायला सांगणारा माणूसच मातीची परीक्षा करायला सांगतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता यात खरे किती? ओल्या मातीची पट्टी अंगाला थंडावा देते यात शंका नाही. तीतील पाणी हळूहळू उडते आणि उडताना अंगातील उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते तोच हा नियम. मात्र माती शरीरातील विष ओढून घेते, असे सिद्ध झालेले नाही.

अनवाणी चालण्याचेही काही गुण मान्य करावे लागतात. मऊ जमिनीवर मोकळे पाऊल टाकले की बोटे पसरतात, पावलाच्या लहान स्नायूंना काम मिळते, आणि तोल सांभाळण्याची जाणीव तल्लख राहते. शिवाय सकाळचा व्यायाम, मोकळी हवा, कोवळे ऊन आणि चार माणसांशी बोलणे या गोष्टी बरोबर येतातच. झोप चांगली लागली तर श्रेय मातीचे किती आणि चालण्याचे किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

मुलांच्या बाबतीत एक महत्त्वाचा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तीन ते पाच वर्षांची मुले ज्या पाळणाघरांत दिवसभर असत, त्यांपैकी काहींच्या आवारात जंगलातील माती व हिरवळ आणून पसरली आणि मुलांना तीत खेळू दिले. २८ दिवसांनंतर त्या मुलांच्या त्वचेवरील निरुपद्रवी जंतूंची विविधता वाढलेली आढळली, आणि रक्तातील काही खुणांवरून त्यांची प्रतिकारव्यवस्था अधिक संतुलित होत असल्याचे दिसले. मुले कमी आजारी पडली असा दावा त्यात नाही, प्रयोगही लहान होता. पण स्वच्छ मातीत खेळणाऱ्या मुलाला दर वेळी ओरडू नये, एवढे त्यावरून खुशाल म्हणता येईल.

राहिला विजेचा मुद्दा. चटया विकणारे सांगतात की जमिनीतून सूक्ष्म विद्युत्कण शरीरात येतात आणि दाह शमवतात. अनवाणी पायाने अंगावर साचलेला विद्युत्भार जमिनीत उतरतो, हे खरे. परंतु त्याने रोग बरे होतात असे म्हणण्यासाठी जे प्रयोग दाखवले जातात, त्यांतील बरेच मोजक्या माणसांवर झालेले आहेत, आणि काही प्रयोगकर्त्यांचा अशा वस्तू विकणाऱ्या कंपनीशी संबंधही होता. तेवढ्यावर पैसे खर्चू नयेत, असे आमचे मत आहे. उलट विजेची दुसरी बाजू आमच्या शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. रात्रीच्या पाळीला वीज येते, माणूस ओल्या वाफ्यातून अनवाणी मोटारीच्या पेटीपाशी जातो, आणि पेटीत वीज उतरलेली असली तर ती त्याच्या अंगातून जमिनीत जाते. जमिनीशी थेट जोडले जाणे म्हणजे काय, ते तेथे समजते. म्हणून पेटीसमोर कोरडी फळी किंवा रबराचा पट्टा आणि पायात रबरी बूट हवेत.

आता मातीची दुसरी बाजू. तिच्यात जसे उपकारक जंतू आहेत तसे घातकही आहेत. धनुर्वाताचा जंतू मातीत व जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकतो. त्याला हवा मानवत नाही. म्हणून वरवरच्या खरचटण्यापेक्षा खिळा, काटा किंवा उसाचा बुडखा खोल रुतला की त्याला हवी ती जागा मिळते. १८८९ साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हा जंतू वेगळा काढला, आणि पुढे लस आली. बाळंतिणी व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. याचा अर्थ माती शुद्ध झाली असा नव्हे. जंतू मातीत आहेतच. फरक पडला तो लस आणि स्वच्छ बाळंतपण घरोघर पोहोचल्यामुळे.

दुसरा शत्रू अंकुशकृमी. माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत पडतात. आठवड्याभरात तयार झालेली अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. त्या जागी खाज सुटते. आपण ती चिखल्या समजून सोडून देतो. अळी रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात पोहोचते. तेथे ती सेंटिमीटरभर वाढते आणि रोज थेंबथेंब रक्त पिते. अशा शेकडो कृमी पोटात असल्या की माणूस पांढरा फटक पडतो, दम लागतो. हा मार्ग लूस नावाच्या शास्त्रज्ञाला इजिप्तमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडला, तोही अळ्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले म्हणून. त्यापूर्वी, १८८० च्या सुमारास, आल्प्स पर्वतातील सेंट गोथार्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत रक्तक्षयाची साथ उसळली होती. तिचे कारण हेच कृमी निघाले. दमट बोगदा, शौचाला जागा नाही आणि पाय मातीत. उसाच्या फडाशेजारच्या कोप्या आठवून पाहा, म्हणजे वेगळे वर्णन नको.

तिसरा रोग पाऊल सुजवून त्यात छिद्रे पाडणारा. काट्याबरोबर आत गेलेली मातीतील बुरशी हे त्याचे एक मूळ आहे, हे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेल्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास मांडले. त्यांचे रोगी बहुतेक अनवाणी राबणारे शेतकरी व मजूर होते. चौथा रोग लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुताने दूषित झालेले पाणी किंवा चिखल कातडीच्या भेगेला लागला की तो होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँडमध्ये ऊसतोड कामगारांनी १९३५ साली याच रोगावरून संप केला होता. फडातील उंदीर पळावेत म्हणून तोडणीपूर्वी ऊस जाळावा, ही त्यांची मागणी होती. पाचट जाळावे असे आम्ही म्हणत नाही. पण पायाच्या जखमेवरून संप होऊ शकतो, हे वाचून आम्हांला धीर आला.

याच मातीने औषधेही दिली, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतील जंतूपासूनच मिळाले, आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातील संशोधकांनी बुरशीवरचे हॅमायसिन अशाच जंतूपासून काढले. मात्र ते प्रयोगशाळेत वेगळे काढून, शुद्ध करून, मोजून दिले जाते. जखमेवर मूठभर माती दाबणे हे औषध नव्हे.

हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले. १९९४ सालची गोष्ट. एका वीटभट्टीवर बावीस वर्षांच्या मजुराच्या पायात फळीचा खिळा घुसला. त्याने रीतीप्रमाणे जखमेवर माती दाबली आणि तो कामाला लागला. आठव्या दिवशी त्याचा जबडा उघडेना. बैलगाडीने, मग जीपने दवाखान्यात नेले. तिसऱ्या रात्री तो गेला. आम्ही मालकाकडे बुटांची आणि इंजेक्शनांची मागणी घेऊन गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, "मातीत जन्मलेल्याला मातीची काय बाधा?" ते वाईट मनाने बोलले असे आम्हांला आजही वाटत नाही. ते खरेच तसे मानत होते, आणि आमच्यातीलही अनेक जण तसेच मानत होते. भुईला आई म्हणायचे आणि आईची बाधा कशी होईल म्हणून बुटांचे पैसे वाचवायचे, असा तो हिशेब. दोन वर्षांनी बूट मिळाले. सगळे एकाच मापाचे, नऊ नंबरचे. बायकांनी ते दारात उलटे ठेवले. मापाप्रमाणे बूट मिळायला आणखी एक हंगाम गेला.

म्हणून अनवाणी चालण्याच्या गुणांची चर्चा ऐकताना आम्ही एकच विचारतो: पायातली वहाण काढणारा माणूस ती पुन्हा घालू शकतो काय? सकाळी अर्धा तास हिरवळीवर चालून घरी जाऊन पाय धुणारा आणि बारा तास फडात उभा राहणारा, दोघांचीही माती एकच. पण एकाला निवड आहे, दुसऱ्याला नाही. कारखान्याच्या वाटेवर बैलाच्या खुरांना पत्र्या मारलेल्या असतात आणि गाडीपुढे चालणारी बाई अनवाणी असते. बैल मोलाने आणलेला, म्हणून त्याच्या पायाची काळजी.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. ज्यांना आवडते त्यांनी स्वच्छ, कोरड्या, पाहिलेल्या जागी खुशाल अनवाणी चालावे, आम्हीही चालतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र हा मोह टाळावा. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला किंवा उन्हाने फरशी तापलेली असली तरी कळत नाही, आणि लहान जखम पाय कापण्यापर्यंत जाते. खोल जखम झाली तर ती साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. मुलांना शाळेत व अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, ती चुकवू नये. आणि जे दुसऱ्याला मातीत कामाला लावतात त्यांनी मापाचे बूट, कोप्यांपाशी संडास आणि हात-पाय धुवायला पाणी या तीन गोष्टी उचल देतानाच ठरवाव्यात.

येत्या हंगामात टोळ्या येतील तेव्हा श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपल्या शेतात उतरलेल्या टोळीच्या पायांकडे एकदा पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.